‘रक्त कमी आहे’ म्हणजे नेमकं कुठे अडलंय?

‘रक्त कमी आहे’ एवढं ऐकून माणूस दवाखान्यातून बाहेर पडतो आणि थेट बाजारात जाऊन बीट, डाळिंब आणि पालक घेऊन घरी येतो. बीटाचा लाल रंग आणि हिमोग्लोबिनचा लाल रंग यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण ते असो. खरी अडचण वेगळी आहे. रक्त मुळात बनतच नाहीये, बनता बनता वाया जातंय, की नीट बनून नंतर कुठेतरी बाहेर चाललंय, यातलं काहीच त्या वाक्यातून कळत नाही. तिन्हींचे उपाय निरनिराळे आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर कधीकधी नुकसानही होतं. म्हणून हाडांच्या आत काय चालतं ते एकदा पायरीपायरीने बघायला हवं. रक्ताचे पुष्कळसे आजार म्हणजे यातल्या कुठल्या तरी ठरावीक पायरीवर अडलेलं काम असतं.

हाडाच्या पोटात

मटण खाणाऱ्यांनी अस्थिमज्जा पाहिलेलीच असते. नळी ताटात आपटून, चोखून जे बाहेर काढतात ती मज्जाच. बोकड जितका जून, तितकी ती पिवळसर आणि तुपकट. माणसाचंही तसंच आहे. जन्मतः सगळ्या हाडांमधली मज्जा लाल असते, म्हणजे सगळीकडे रक्त बनत असतं. वय वाढत जातं तशी हातापायांच्या लांब हाडांमधली मज्जा चरबीने भरते आणि पिवळी होते. मोठ्या माणसात रक्ताचं काम उरतं ते कमरेच्या हाडात, मणक्यांत, छातीच्या मधल्या हाडात, बरगड्यांत, कवटीत आणि मांडीच्या व दंडाच्या हाडांच्या वरच्या टोकांत. मज्जेची तपासणी करताना डॉक्टर कमरेच्या मागच्या बाजूला सुई घालतात ती याचसाठी. हाड तिथे कातडीच्या जवळ असतं, भरपूर लाल मज्जा मिळते आणि आसपास नाजूक काही नसतं. ‘पाठीच्या कण्यातून पाणी काढतात’ ती तपासणी वेगळी. या दोन्हींची सरमिसळ करून घाबरणारे नातेवाईक रोज भेटतात.

पोटातल्या बाळाचं रक्त मात्र आधी हाडात बनत नाही, कारण सुरुवातीला हाडंच नसतात. पहिल्या रक्तपेशी गर्भाबाहेरच्या एका पिशवीत बनतात, मग काही महिने यकृत हे काम सांभाळतं आणि चौथ्या-पाचव्या महिन्यापासून ते हळूहळू मज्जेकडे येतं. यकृत आणि प्लीहा (पोटात डावीकडे वर असलेली ग्रंथी) ही जुनी विद्या पूर्ण विसरत नाहीत. मज्जा निकामी होऊ लागली किंवा तिच्यावर फारच ताण आला, तर मोठेपणीही तिथे रक्त बनायला लागतं आणि प्लीहा सुजून पोटात हाताला लागते.

रक्त हाडात बनतं हे माणसाला कळलं तेही तसं अलीकडेच. १८६८ साली अर्न्स्ट नॉयमान या जर्मन डॉक्टरने हाडांमधून पिळून काढलेल्या रसात केंद्रक असलेल्या लाल पेशी पाहिल्या आणि रक्त इथेच तयार होत असणार असं मांडलं. त्याच वर्षी इटलीत ज्युलिओ बिझोझेरोही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला आला. तोवर हाडातली मज्जा ही हाडाचं खाद्य असावी, असं मानणारे बरेच होते.

एका पेशीतून सगळं

तांबड्या पेशी, पाच-सहा प्रकारच्या पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट हे सगळं एकाच जातीच्या मूळपेशीतून येतं. हे सिद्ध झालं ते टोरांटोमध्ये, काहीसं अपघाताने. अर्नेस्ट मॅक्युलॉक हा डॉक्टर आणि जेम्स टिल हा भौतिकशास्त्रज्ञ किरणोत्साराचा मज्जेवर काय परिणाम होतो याचा अभ्यास करत होते. उंदरांना इतका किरणोत्सार द्यायचा की त्यांची स्वतःची मज्जा मरून जाईल, आणि मग दुसऱ्या उंदराच्या मज्जेतल्या पेशी शिरेतून सोडायच्या. दहाएक दिवसांनी त्या उंदरांच्या प्लीहेवर बारीक गाठी दिसल्या. मोजल्यावर लक्षात आलं की जितक्या जास्त पेशी टोचल्या तितक्या जास्त गाठी, साधारण दहा हजार पेशींमागे एक. आणि एकेका गाठीत लाल, पांढऱ्या आणि प्लेटलेट बनवणाऱ्या, सगळ्या वंशाच्या पेशी होत्या. हे १९६१ साली छापून आलं. गाठ खरोखर एकाच पेशीपासून वाढते, हे दोन वर्षांनी त्याच गटाने गुणसूत्रांवरच्या खुणांवरून दाखवलं.

मूळपेशीच्या अंगी दोन गुण असतात. ती रक्तातली कुठलीही पेशी बनवू शकते आणि दुभंगताना स्वतःसारखी एक पेशी मागे ठेवू शकते. दुसरा गुण नसता तर लहानपणीच साठा संपला असता. गंमत म्हणजे ती स्वतः फार काम करत नाही. प्रत्येक वेळी दुभंगताना डीएनएची नक्कल करावी लागते आणि नकलेत चुका होतात. म्हणून मूळपेशी बहुतेक काळ निजून असते, क्वचित दुभंगते, आणि खरी मेहनत तिच्या लेकी-नाती करतात. रोज नव्याने लागणाऱ्या तांबड्या पेशी सुमारे २० हजार कोटी, म्हणजे सेकंदाला २० लाखांहून जास्त. २०१८ साली एका माणसाच्या पेशींचं जनुकीय वाचन करून केलेल्या अंदाजानुसार हा डोलारा सांभाळणाऱ्या मूळपेशी ५० हजार ते दोन लाखांच्या घरात असतात.

बोन मॅरो, म्हणजे अस्थिमज्जेचं, प्रत्यारोपण मूळपेशीच्या याच दोन गुणांवर चालतं. भारतातलं पहिलं १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झालं. नाव ऐकून मोठं ऑपरेशन असेल असं वाटतं, पण रुग्णाच्या दृष्टीने ती शिरेतून चढवलेली एक पिशवी असते, बाटलीभर रक्त चढवावं तशीच. पेशी रक्तातून फिरत आपल्या आपण हाडात पोचतात आणि मुक्काम ठोकतात. त्यांना हाडात बोलावणारे रासायनिक संकेत मज्जेतल्या आधारपेशी सोडत असतात. साधारण दोन ते चार आठवड्यांत पांढऱ्या पेशी रक्तात दिसू लागतात. दात्यालाही आता बहुधा हाडात सुई टोचून घ्यावी लागत नाही. चार-पाच दिवस इंजेक्शनं घेतली की मूळपेशी हाडातून रक्तात उतरतात आणि प्लेटलेट देतात तशाच यंत्रावर बसून त्या वेगळ्या काढता येतात.

पुस्तकात मूळपेशीपासून फांद्या फुटलेलं एक झाड काढलेलं असतं: एक फांदी लिम्फ पेशींची (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार), दुसरी उरलेल्या सगळ्यांची, मग उपफांद्या. शिकायला ते सोयीचं आहे आणि ठोकळमानाने बरोबरही. पण आता एकेका पेशीतली चालू जनुकं वाचता येतात आणि त्यातून दिसतं की फाटे इतके काटेकोर नसतात. पेशी उतारावरून हळूहळू एका बाजूला झुकत जाते. काही मूळपेशी तर सुरुवातीपासूनच प्लेटलेटकडे कललेल्या असतात.

तांबड्या पेशीचा आठवडा

इथे थोडं रेंगाळतो, कारण मज्जेत सगळ्यात देखणा प्रवास तांबड्या पेशीचा आहे, आणि ‘रक्त कमी’चं उत्तरही बहुतेक वेळा इथेच सापडतं.

तांबड्या पेशी मज्जेत विखुरलेल्या वाढत नाहीत, टोळक्याने वाढतात. मधे एक मोठी भक्षक पेशी आणि तिला चिकटून चारही बाजूंनी वाढत्या वयाच्या तांबड्या पेशी. या टोळक्यात पहिली ओळखू येणारी पेशी मोठी, गोल आणि रंग दिल्यावर गडद निळी असते. निळेपणा येतो आरएनएमुळे. हिमोग्लोबिन बनवायची सगळी यंत्रणा तिने मांडून ठेवलेली असते, पण हिमोग्लोबिन अजून नसतं. मग ती दुभंगत जाते, तीन ते चार वेळा, आणि दर वेळी आकाराने लहान होते. हिमोग्लोबिन साठू लागतं तसा निळ्यात गुलाबी मिसळून राखाडी-जांभळा रंग येतो. केंद्रक आवळत आवळत काळा ठिपका होतो. शेवटी पेशी जवळजवळ पूर्ण गुलाबी झाली की ती आपलं केंद्रकच बाहेर ढकलून देते आणि मधली भक्षक पेशी ते गिळून टाकते.

केंद्रक टाकणं हा सस्तन प्राण्यांचा खाक्या. कोंबडी, मासा, बेडूक यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक शेवटपर्यंत असतं. आपली पेशी ते टाकते आणि नंतर मायटोकॉन्ड्रियाही टाकते. मागे राहते ती हिमोग्लोबिनच्या सुमारे २७ कोटी रेणूंनी भरलेली, मधे खोलगट, लवचिक चकती. तिला दुभंगता येत नाही, मोडलेलं दुरुस्त करण्यासाठी नवीन प्रथिनं बनवता येत नाहीत. तरी १२० दिवस ती स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिन्यांतून वाकत-दुमडत निघते.

पण केंद्रक टाकल्या टाकल्या ती लगेच पूर्ण तयार नसते. आत अजून थोडा आरएनए शिल्लक असतो. खास रंग दिला तर तो जाळीसारखा दिसतो, म्हणून या पेशीला रेटिक्युलोसाइट म्हणतात. एक-दोन दिवस मज्जेत आणि साधारण एक दिवस रक्तात काढून ती पक्की होते. रक्तातल्या तांबड्या पेशींपैकी एक टक्क्याच्या आसपास अशा असतात.

सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी वेळा सांगितली जाणारी तपासणी कुठली, असं मला विचारलं तर मी रेटिक्युलोसाइट काउंटचं नाव घेईन. हिमोग्लोबिन ७ आहे आणि रेटिक ८ टक्के, म्हणजे मज्जा जीव तोडून काम करतेय आणि रक्त बाहेर कुठेतरी जातंय: रक्तस्राव होतोय किंवा पेशी वेळेआधी फुटताहेत. हिमोग्लोबिन तेवढंच, ७, आणि रेटिक अर्धा टक्का, म्हणजे मज्जेकडेच काहीतरी कमी आहे किंवा मज्जाच बिघडली आहे. दोन्ही माणसं तितकीच फिकट दिसतात, दोघांनाही चढताना सारखाच दम लागतो. खर्च शे-दोनशे रुपयांचा आणि शोधाची दिशा तिथेच अर्धी ठरते.

हुकूम कोण देतं?

मज्जेला स्वतःला कळत नाही की किती पेशी बनवायच्या. ते मूत्रपिंड सांगतं. मूत्रपिंडातल्या काही पेशी त्यांच्यापर्यंत पोचणाऱ्या ऑक्सिजनकडे लक्ष ठेवून असतात. तो कमी पडला की त्या एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडतात. या संप्रेरकाशिवाय तांबड्या पेशी एका ठरावीक पायरीपलीकडे जगतच नाहीत, म्हणजे ते भरपूर असलं की एरवी मेल्या असत्या अशाही पेशी पुढे जातात. लडाखला जाऊन काही आठवडे राहणाऱ्याचं हिमोग्लोबिन वाढतं ते यामुळे. पेशीला ऑक्सिजनची चणचण कशी समजते, हे उलगडणाऱ्या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं.

हे संप्रेरक पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात हाती लागलं १९७७ मध्ये, आणि तेही लघवीतून. मज्जा बंद पडलेल्या रुग्णांचं शरीर हे संप्रेरक धो धो सोडत असतं, कारण हुकूम सुटतोय पण ऐकणारं कोणी नाही. जपानमधल्या अशा रुग्णांची २,५५० लिटर लघवी जमवून, आटवून अमेरिकेतल्या प्रयोगशाळेने त्यातून काही मिलिग्रॅम एरिथ्रोपोएटिन वेगळं केलं. आज डायलिसिसवरच्या लाखो लोकांना हेच, आता जनुकीय तंत्राने बनवलेलं, इंजेक्शन दिलं जातं. मूत्रपिंड गेलेल्या माणसाला लोहाच्या गोळ्या कितीही दिल्या तरी नुसत्या त्याने भागत नाही, याचं कारण आता लक्षात येईल.

लोह आणि एक चुकणारी सरासरी

नव्या हिमोग्लोबिनसाठी मज्जेला रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागतं. अन्नातून शरीरात शिरतं जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. उरलेलं सगळं मोडीतून येतं. १२० दिवस झालेल्या पेशी प्लीहेतल्या भक्षक पेशी गिळतात, लोह सोडवून घेतात आणि परत मज्जेकडे पाठवतात. शरीराला लोह बाहेर टाकायचा सोयीचा मार्गच नाही, इतकं ते जपून वापरलं जातं. त्यामुळे मोठ्या माणसात लोह कमी झालं की पहिला प्रश्न ‘काय खाता?’ इतकाच ‘रक्त कुठून जातंय?’ हाही हवा. बायकांत बहुधा पाळी किंवा बाळंतपणं. साठीच्या पुरुषात मात्र आतड्याची तपासणी केल्याशिवाय नुसत्या गोळ्या देणं म्हणजे आतड्याचा कॅन्सर नजरेआड करणं ठरू शकतं.

रक्तदानाचंही गणित यातच आहे. ३५० मिलिलिटरची पिशवी भरली की अंदाजे दीडशे मिलिग्रॅमहून जास्त लोह जातं. पातळ भाग दोन दिवसांत भरून येतो, पेशी काही आठवड्यांत, पण लोहाची भरपाई व्हायला महिने लागतात. आपल्याकडे पुरुषांनी ९० आणि स्त्रियांनी १२० दिवसांचं अंतर ठेवायचा नियम आहे तो म्हणूनच.

लोह कमी असलं की पेशीत हिमोग्लोबिन वेळेत भरत नाही. मग पेशी एखाद-दुसरं विभाजन जास्तीचं करून घेतात आणि लहान, फिकट बाहेर पडतात. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, रिपोर्टमध्ये एमसीव्ही (तांबड्या पेशींचं सरासरी आकारमान) ८० च्या खाली येतो तो यामुळे. बी-१२ किंवा फोलेट कमी असलं की उलटं होतं. हिमोग्लोबिन नीट बनत असतं, पण डीएनएची नक्कल पुढे सरकत नाही. पेशी वाढत राहते, केंद्रक मागे पडतं. स्लाइडवर हे विजोड रूप लगेच ओळखू येतं: पेशीचं अंग गुलाबी, म्हणजे वयात आलेलं, आणि आतलं केंद्रक अजून सैल, कोवळं. अशा पुष्कळ पेशी मज्जेतच मरतात. मज्जा गच्च भरलेली आणि रक्तात खडखडाट, असा उलटा प्रकार होतो. ज्या निसटतात त्या मोठ्या असतात, एमसीव्ही १०० च्या वर.

या दुसऱ्या प्रकाराचा इतिहास मुंबईत घडला आहे. १९२८ च्या सुमारास लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर गरोदर गिरणी कामगार बायकांमधल्या जीवघेण्या रक्तक्षयाचा शोध घ्यायला परळच्या हाफकिन संस्थेत आली. पेशी मोठ्या दिसत होत्या, पण त्या काळी अशा आजारावर चालणारा यकृताचा शुद्ध अर्क यातल्या बायकांना लागू पडत नव्हता. तिने आहार बदलून बदलून पाहिला, उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले, आणि अखेर गुण आला तो यीस्टच्या अर्काने, पावाला लावायच्या साध्या मार्माइटने. १९३१ साली तिने हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला अज्ञात घटक पुढे ‘विल्स फॅक्टर’ म्हणून ओळखला गेला. १९४१ मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि फोलिक ॲसिड हे नाव मिळालं. गरोदरपणात सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या गोळीत लोहाबरोबर तेच असतं.

मात्र मोठ्या पेशी दिसल्या म्हणून बी-१२ न बघता नुसतं फोलिक ॲसिड देणं धोक्याचं. रक्त सुधारतं, रिपोर्ट छान येतो आणि बी-१२ अभावी नसा मात्र आतून बिघडत राहतात. तळपायाला मुंग्या, अंधारात तोल जाणं, हे मागाहून कळतं.

आणखी एक घोळ आपल्या शाकाहारी घरांमध्ये नेहमीचा. लोहही कमी, बी-१२ ही कमी. एका कमतरतेने पेशी लहान, दुसरीने मोठ्या. एमसीव्ही ही सरासरी, ती अगदी ८८ येते आणि रिपोर्टवर ठळक अक्षर उमटत नाही. खरं सांगतो तो शेजारचा आरडीडब्ल्यू नावाचा आकडा. पेशींच्या आकारात किती तफावत आहे ते तो दाखवतो, आणि अशा वेळी तो वर गेलेला असतो.

गोळ्या घेऊनही एमसीव्ही लहानच राहतो आणि तांबड्या पेशींची संख्या उलट जास्त असते, तेव्हा थॅलेसेमियाचा वाहक असण्याचा संशय घ्यावा. तिथे लोह भरपूर असतं, हिमोग्लोबिनची एक साखळीच कमी बनते. क्षयरोगासारख्या रेंगाळणाऱ्या आजारात तिसराच प्रकार होतो: यकृतातून सुटणारं हेप्सिडिन नावाचं संप्रेरक लोहाला भक्षक पेशींतच कुलूपबंद करतं. साठा आहे, पण मज्जेला मिळत नाही. विदर्भात आणि नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेलमध्ये तर पेशी मज्जेत बऱ्यापैकी बनते आणि बाहेर आल्यावर १०-२० दिवसांत मोडते. या सगळ्यांना एकच टॉनिक लिहून देणाऱ्यांबद्दल काय बोलावं!

पांढऱ्या पेशी थोडक्यात

जंतूंशी पहिला सामना करणारा न्यूट्रोफिल बनायला साधारण दहा ते चौदा दिवस घेतो. पहिला अर्धा काळ विभाजनात जातो, उरलेला पिकण्यात. त्यात आतले कण भरतात, आणि केंद्रक गोलाचं वाकडं, मग नालाच्या आकाराचं, शेवटी तीन-चार खंडांचं होतं. त्याचा मोठा साठा मज्जेतच राखून ठेवलेला असतो. न्यूमोनियासारखा जोरदार संसर्ग झाला की हा साठा सुटतो आणि अर्धवट पिकलेल्या, वाकड्या केंद्रकाच्या पेशीही रक्तात येतात. रिपोर्टमधले ‘बँड’ ते हेच. स्टेरॉइड घेणाऱ्याचा काउंट मात्र संसर्ग नसतानाही वाढतो, कारण रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या पेशी सुटून मोजणीत येतात. लिम्फ पेशींपैकी बी पेशी मज्जेतच घडतात. टी पेशी कोवळ्या वयातच छातीतल्या थायमस ग्रंथीत जाऊन तिथे पक्क्या होतात.

प्लेटलेट आणि दरवर्षीचा डेंग्यू

प्लेटलेट ही पेशी नाहीच, पेशीचा तुकडा आहे. त्यांना जन्म देणारी मेगाकॅरिओसाइट ही मज्जेतली सगळ्यात मोठी पेशी. ती डीएनए दुप्पट करत जाते, पण दुभंगत नाही, त्यामुळे एका पेशीत १६, ३२, कधी ६४ संच जमतात. ती रक्तवाहिनीच्या भिंतीला लागून बसते आणि आपल्या अंगाच्या लांब फांद्या भिंतीच्या फटीतून थेट वाहत्या रक्तात सोडते. प्रवाहाच्या ओढीने त्या तुटतात आणि एकेका पेशीतून हजारांवर प्लेटलेट सुटतात. प्लेटलेटचं आयुष्य सात ते दहा दिवस.

त्यांच्या संख्येचं नियंत्रण फार चतुर आहे. थ्रॉम्बोपोएटिन हे संप्रेरक यकृत जवळजवळ एकाच वेगाने बनवत राहतं आणि रक्तातल्या प्लेटलेट ते शोषून घेतात. प्लेटलेट जास्त असल्या की मज्जेपर्यंत संप्रेरक कमी पोचतं, त्या घटल्या की आपोआप जास्त पोचतं. वेगळा मोजणारा कोणी लागतच नाही.

डेंग्यूत विषाणू सुरुवातीचे काही दिवस मज्जेला दाबून टाकतो, आणि बाहेर असलेल्या प्लेटलेटही प्रतिकारशक्तीच्या गोंधळात मारल्या जातात. ताप उतरता उतरता आकडा तळाला जातो. तोवर मज्जा परत कामाला लागलेली असते, थ्रॉम्बोपोएटिन भरपूर असतं, आणि दोन-तीन दिवसांत आकडा झपाट्याने वर येतो. नेमका याच सुमाराला घरात पपईच्या पानांचा रस सुरू झालेला असतो, आणि श्रेय त्याला मिळतं. त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे सगळ्या घराचं लक्ष प्लेटलेटवर खिळलेलं असतं, तर डेंग्यूत जीव धोक्यात येतो तो बहुधा रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर झिरपल्याने. त्यासाठी बघायचा आकडा हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा भाग किती टक्के आहे ते. तो वर चढत असेल आणि पोट दुखत असेल, तर प्लेटलेट ८० हजार असल्या तरी घरी बसू नये.

पिकण्याआधीच थांबलेल्या पेशी

मज्जेची तपासणी करताना कमरेच्या हाडातून थोडं रक्तमिश्रित द्रव्य ओढतात आणि काचेवर टाकतात. नमुना चांगला असेल तर त्यात रव्यासारखे बारीक कण नुसत्या डोळ्यांनी दिसतात. ते कण म्हणजे खरी मज्जा. नुसतं रक्त आलं असेल तर तपासायला काही नसतं. कण काचेवर पसरून रंग दिला की निरोगी माणसात वर सांगितलेल्या सगळ्या पायऱ्या एकाच वेळी दिसतात: निळ्या, राखाडी, गुलाबी, वाकड्या केंद्रकाच्या, मधेच एखादी अजस्र मेगाकॅरिओसाइट. अप्लास्टिक ॲनिमियात, म्हणजे मज्जा बंद पडते त्या आजारात, तिथे चरबीच्या रिकाम्या गोलांशिवाय फारसं काही उरत नाही. तीव्र ल्युकेमियात, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये, उलट, मज्जा भरून वाहत असते, पण सगळ्या पेशी एकाच वयाच्या, कोवळ्या. त्या एका पायरीवर अडकल्या आहेत, पिकत नाहीत, नुसत्या वाढत आहेत, आणि बाकीच्यांना जागा उरलेली नाही.

यातला एक प्रकार पायऱ्यांची ही भाषा अक्षरशः खरी करून दाखवतो. प्रोमायलोसाइटिक ल्युकेमियात पेशी बरोबर प्रोमायलोसाइट या, न्यूट्रोफिल बनण्याच्या वाटेवरच्या कोवळ्या पायरीवर थांबतात. १५ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन एक विचित्र प्रथिन बनतं आणि ते पुढे पिकवणारी जनुकं बंद करून ठेवतं. शांघायमध्ये वांग झेनयी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात या रुग्णांना जीवनसत्त्व ‘अ’चं एक रूप, एट्रा, गोळीने द्यायला सुरुवात केली. १९८८ साली त्यांनी २४ रुग्णांचे निकाल छापले, आणि सगळ्यांचा आजार ओसरला होता, एक सोडला तर सर्वांचा नुसत्या त्या गोळीने. पेशी मारल्या गेल्या नव्हत्या. त्या पिकल्या होत्या, साध्या न्यूट्रोफिल बनल्या होत्या आणि आपलं आयुष्य संपवून गेल्या होत्या. चीनमधल्याच हार्बिनच्या डॉक्टरांनी वापरलेलं आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल, तेच प्रथिन मोडून काढतं हे पुढे कळलं. दोन्ही एकत्र दिली की आज कमी धोक्याच्या गटातले दहातले नऊहून अधिक रुग्ण बरे होतात, बहुतेक वेळा नेहमीच्या केमोथेरपीशिवाय. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने तर एकट्या आर्सेनिकवर रुग्ण बरे केल्याचे निकाल मांडले आहेत, ज्याने उपचार बऱ्याच जणांच्या खिशाला परवडू लागला.

फक्त या आजारात सुरुवातीचे दिवस फार वाईट. कोवळ्या पेशींतल्या कणांमुळे रक्त गोठायची सगळी घडी विस्कटते आणि निदान झाल्याच्या आठवड्यातच मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस जाऊ शकतो. त्यामुळे स्लाइडवर कणांनी खच्चून भरलेल्या प्रोमायलोसाइट दिसल्या आणि त्यांच्यात लालसर कांड्या जुडीने पडलेल्या दिसल्या, की पॅथॉलॉजिस्टने रिपोर्ट टाइप व्हायची वाट बघायची नसते. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी आधी वॉर्डात फोन करायचा, एट्राची गोळी तेव्हाच सुरू करायची, आणि जनुकाची तपासणी मागाहून येऊ द्यायची.